नानांचा टॉवेल

सकाळी फिल्टर कॉफी पेल्यात ओतत होते, तेवढ्यात अमेरिकेतून लेकीचा फोन आला. "अम्मा, घर विकायचं आत्ताच काही ठरवू नको. सिट टाइट. मी येते, मग बघू."

कॉफीचा वास आणि ते दोन शब्द एकत्र आले, आणि मी थेट पापनाशम स्टेशनात जाऊन पोचले. लहान होते. वडिलांबरोबर, नानांबरोबर, कुंभकोणमहून तंजावूरला परतत होते. गाडी थांबली तसा नानांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या शेजारी टाकला. टॉवेल टाकला की जागा आपली, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

"कॉफी घेऊन येतो. सिट टाइट."

"म्हणजे काय, नाना?"

"म्हणजे काही झालं तरी घाबरून उठायचं नाही. मी येतो."

गाडी सुटली, नाना आले नाहीत. समोरची बाई साखळी ओढा म्हणून ओरडू लागली. मी टॉवेलवर हात ठेवून बसून राहिले. त्याला घामाचा आणि चंदनाचा वास होता. पुढच्या स्टेशनावर नाना मागच्या डब्यातून धावत आले, पेल्यात जेमतेम घोटभर कॉफी उरलेली. मी रडले नव्हते. ते येणार हे मला ठाऊकच होतं.

आता वाटतं, बसून राहणं सोपंच होतं. सगळा भार त्यांच्या धावण्यावर होता.

"अम्मा, ऐकतेस ना?"

"बसलेच आहे गं. कधी येतेस?"

"बघते, अम्मा."

फोन ठेवला. हात पुसायचा टॉवेल खांद्यावरून काढला आणि शेजारच्या खुर्चीवर टाकला.