खारीला कोणती बंदूक?

"देवरावभाऊ, पोरगी मीच आणून देली तुमच्या घरी. पण मुकी तं नाई न निघाली?"

लग्न होऊन आठ दिवसही झाले नव्हते. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी, आणि बाहेर ओसरीवर दौलतकाका माझ्या सासऱ्यांना हे विचारत होते. दौलतकाका सौंसरचे, म्हणजे माझ्या माहेरच्या गावचे. आमचं लग्न जमवलं तेही त्यांनीच. माल खराब निघाला तर जबाबदारी त्यांची!

बाबाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तंबाखू मळता मळता उत्तर दिलं, "बोलाले आपण तिघं आहो न. एक तं आयकणारं पाहिजे घरात!"

तेव्हापासून मी ऐकतेच आहे. आमच्या पांढुर्ण्यात कापसाच्या दिवसांत कापूस कुठेही सापडतो. उशीवर, डाळीत, वेणीत. ओसरीवरचे किस्से मला तसेच सापडत गेले. आणि सगळे एकाच प्रश्नाचे. संत्र्याच्या बगीच्यातली खार मारायची, तर बारा बोअरनं की रायफलनं?

बारा बोअर बाबाजींची, त्यांच्या वडिलांच्या हातची. एक बार काढला की छर्ऱ्यांचा सडा. रायफल दौलतकाकांची, पॉइंट टू-टू. एक गोळी, एक निशाणा. तिसरे गुलाबराव मास्तर. ते शाळेतून रिटायर झालेले आणि त्यांच्याकडे बंदूकच नाही, म्हणून पंच.

राहिली खार. तर आजवर एकही मेलेली नाही.

*

बाबाजींनी बारा बोअर खारीवर एकदा चालवली होती. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. हा किस्सा बाबाजी सांगत नाहीत, सासूबाई सांगतात, तोही बाबाजी समोर असतानाच.

खार संत्र्याच्या शेंड्यावर बसलेली. बाबाजींनी नेम धरला, बार काढला. सगळा बगीचा हादरला! पोपट उडाले, शेजाऱ्याची म्हैस दावं तोडून पळाली, आणि झाडाखाली टोपलंभर संत्री पडली.

"अन् खार?" मास्तरांनी दरवेळी विचारायचं, हे ठरलेलंच.

"खार खाली उतरली," सासूबाई म्हणतात, "अन् आरामात खात बसली. बिचारीले तोडाचा तरास वाचला!"

*

"म्हणून तं रायफल पाहिजे," दौलतकाका म्हणतात. "झाडाच्या पानाले धक्का नाई. शिद्दी खारीच्या डोस्क्यात!"

"अन् चुकली तं?" बाबाजी विचारतात. "तुह्या गोळीले थांबाचं कोठी हे समजते काय? इथून निंगन, अन् तिगावच्या स्टेशन मास्तरले लागन!"

"चुकनच काहून पण?"

"तिगावच्या माणसानं काय बिघडवलं बाप्पा तुहं?"

मग मास्तर निकाल देतात, "मामला रेल्वेचा हाये. मी यात पडत नाई."

*

दौलतकाका रायफल सौंसरहून आणतात ती बसनं. लायसन खिशात, रायफल जुन्या चादरीत गुंडाळलेली. पण चादरीतून नळी बाहेर डोकावतेच.

एकदा गाडी कपाशीच्या बाजारामुळे खचाखच भरलेली. दौलतकाका मागच्या दारानं चढले. ज्याला नळी दिसली तो उठला. त्याचं पाहून शेजारचा उठला. बघता बघता मागची लांब सीट पूर्ण रिकामी! काका पांढुर्ण्यापर्यंत आडवे झोपून आले. कंडक्टरनंही तिकीट दुरूनच दिलं.

ओसरीवर येऊन त्यांनी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. मास्तर म्हणाले, "मान्य कराच लागन, देवराव. तुह्या बारा बोअरनं आजपर्यंत एक तरी सीट खाली केली काय?"

*

इलेक्शन आलं की लायसनच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मी आले त्याच वर्षी इलेक्शन लागलं. बाबाजींनी बंदूक पुसली, कॅनव्हासच्या खोळीत घातली आणि मुलीला सासरी पोचवायला जावं तसे गेले.

परत आले ते जेवले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "जरा ठाण्यात जाऊन येतो."

"काहून?" सासूबाईंनी विचारलं.

"तिथं ओल हाये. मी पायली होती भित्त."

मग दर दोन-चार दिवसांनी बाबाजी ठाण्यात. शिपाई नवा, भोपाळकडचा. तो त्यांना लांबूनच पाहून ओरडायचा, "चाचाजी, फिकर मत करो! आपकी बंदूक यहाँ मज़े में है!"

बाबाजी ओसरीवर सांगायचे, "बंदूक ठाण्यात हाये हे खारीले मालूम पडलं. पाय कशी खाऊन राहिली!"

बंदूक घरी असताना आणि नसताना खारींनी खाल्लेल्या संत्र्यांत काही फरक नव्हता. हे सासूबाईंच्या लक्षात आलं होतं. पण त्या दिवसांत त्याही काही बोलल्या नाहीत. बंदूक परत आली त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

*

एकदा दोघांनी आमच्या यांना मधे ओढलं. हे बँकेत नोकरीला. दिवसभर लोकांच्या सह्या जुळवून नुकतेच घरी आलेले, सायकल अजून हातातच.

"बाबू, तू शिकलेला हायेस. सांग, बारा बोअर का रायफल?"

एकीकडे वडील. दुसरीकडे ज्यानं बायको मिळवून दिली तो माणूस!

यांनी सायकल स्टँडवर लावली, खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "खार दिसली की मले आवाज द्या."

आणि थेट आंघोळीला गेले.

*

तर हे असं चाललेलं होतं. पण मागच्या आठवड्यात दौलतकाका बोलता बोलता बोलून गेले, "देवरावभाऊ, तुमच्या बापाची बंदूक आता बंदूक नाई राह्यली. चुलीजोळची फुकणी हाये ते!"

मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं.

बाबाजी एरवी लगेच उलटून बोलतात. त्या दिवशी त्यांनी हातातली मळलेली तंबाखू ओसरीखाली झटकून टाकली. मग हळूच म्हणाले, "रविवारी ये. रायफल घेऊन ये. ज्याच्या हातानं खार पडन, त्याची बंदूक राहीन. दुसऱ्यानं लायसन वापस करून टाकावं."

"अरे, मी मजाक..." काका म्हणायला गेले.

"मी नाई करून राह्यलो मजाक."

मास्तर म्हणाले, "खारी तुमच्या दोघाच्या भांडणावरच जगून राह्यल्या रे!" कोणी हसलं नाही. दौलतकाका चहा न घेता बसस्टँडकडे निघाले. माझ्या माहेरचा माणूस या घरातून चहा न घेता जाण्याची ती पहिलीच वेळ. ट्रे हातात धरून मी दारातच राहिले.

संध्याकाळी सासूबाई भाजी निवडताना माझ्याशी बोलल्या, म्हणजे मेथीशीच बोलल्या. "हात थरथरते न यांचे. चहाची बशी धरवत नाई, नेम काय धरवन? अन् बंदूक गेली तं हा माणूस ओसरीवर बसन कशाच्या जोरावर?"

मी यांना म्हटलं, तुम्ही काहीतरी बोला. हे म्हणाले, "बाबांसमोर? तूच बोल न." आणि आम्ही दोघंही मेथी निवडत बसलो.

*

रविवारी सकाळी दौलतकाका आले. एरवी "भाऊ, भाऊ" करणारा माणूस आज "देवरावजी" म्हणाला. बाबाजींनी बसा म्हटलं नाही. मास्तर दोघांच्या मधे उभे, नवीन टोपी घालून.

खार शोधायला बगीच्यात जायचीही गरज पडली नाही. अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडावर एक खार सकाळपासून शेपटी उडवत होती. चिक-चिक-चिक, सारखी ओरडत. दोन बंदूकवाले खाली आले तरी हलायला तयार नाही.

"पयला नंबर देवरावचा," मास्तर म्हणाले. "बंदूक त्याची जुनी हाये."

बाबाजी आत आले, त्यांच्यामागे काका, त्यांच्यामागे मास्तर आणि शेवटी हे. बंदूक कोठीच्या खोलीत, डाळीच्या कोठ्यांवर खुंटीला टांगलेली. ठाण्यातून आली तेव्हा खोळीसकट टांगली, तशीच होती. त्या खोलीत रोज जाणं-येणं फक्त माझं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि पुरुषांना डाळ कुठे असते ते माहीत नाही.

बाहेर खार आता किंचाळायलाच लागली होती.

बाबाजींनी धोतराला हात पुसले. मग दोन्ही हात वर केले. हात थरथरत होते. ते सगळ्यांना दिसत होतं, दौलतकाकांनाही. काका खाली पाहायला लागले.

मी दाराआडून पुढे आले. सगळ्यांच्या मधून वाट काढत खुंटीपर्यंत गेले, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलले:

"बाबाजी, हात नका लावू बारा बोअरले! खार बाळंत झाली हाये तिच्या खोळीत!"