लोणच्याच्या वहीची मागची बाजू

सन दोन हजार अकरा, मे महिना, वैशाखाचा वद्य पक्ष आणि अमरावतीचा उन्हाळा. साल, महिना आणि ऋतू आधीच नमूद करते, कारण अर्धवट माहिती देण्याची मला सवय नाही. जी फजिती आता तुम्हाला सांगणार आहे, तिचे मूळही याच सवयीत आहे. ऐकता ऐकता चहा खुशाल प्या. मात्र घोट तोंडात असताना हसू नका. सतरंजी नवी आहे.

मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. जुनी मॅट्रिक. परतवाड्याहून सासरी आले ती शुद्धलेखनाची वही ट्रंकेत घेऊनच. अशी मी एका सकाळी आरशात पाहते, तर दोन्ही गाल आणि नाकाचा शेंडा लालबुंद! जणू कोणी कुंकवाचा हात फिरवून गेले आहे. त्यावर बारीक बारीक पुटकुळ्या. आता सांगा, त्रेपन्नाव्या वर्षी ही काय शोभा?

प्रथम वाटले, ऊन. मग वाटले, वय. मग वाटले, यांचे मोठ्या आवाजात बातम्या लावणे. (हे म्हणजे आमचे यजमान.)

खरा ताप चेहऱ्याचा नव्हता. लोक त्या चेहऱ्याचा जो अर्थ लावीत, त्याचा होता. मी शांतपणे मेथीची जुडी निवडत असे, आणि भाजीवाली दचकून म्हणे, "बाई, भडकू नका न! घ्या, कोथिंबीर वरून देतो." मी भावसुद्धा विचारलेला नसे! पंधरा दिवस फुकट कोथिंबीर आली. प्रामाणिकपणे सांगते, मी ती परत केली नाही.

आणि आमच्या अक्का! अक्का म्हणजे यांच्या थोरल्या भगिनी, माझ्या नणंदबाई. मागच्या गल्लीत राहतात. शिक्षण चौथीपर्यंत, आवाज मात्र गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत. तीस वर्षे दुपारी चारच्या ठोक्याला त्या आमच्याकडे येत आल्या. येताच माझ्या तोंडाकडे पाहून म्हणायच्या, "काहून वं सुमन, आज कोनावर पेटली?"

"कोणावरही नाही, अक्का."

"मंग हे तोंड काय असंच तापून राहिलं?"

शेवटी मी अकोल्याला त्वचारोगतज्ज्ञ गाठायचे ठरवले. अमरावतीत डॉक्टर नाहीत असे नव्हे. पण तिथल्या बाकावर ओळखीचे कोणी भेटले असते आणि संध्याकाळपर्यंत मला नाना रोग जडले असते. एस.टी.ने अकोला गाठले. डॉक्टर नसरीन वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण बोलणे स्वच्छ.

"काकू, याला रोझेशिया म्हणतात. चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. हा मुळापासून जात नाही, पण मुठीत ठेवता येतो. घाबरायचं नाही. हे मलम दोन वेळा, हे उन्हाचं क्रीम रोज, साबण बंद, छत्री सुरू. आणि एक वही ठेवा. चेहरा लाल कधी होतो, त्याच्या आधी काय झालं होतं, सगळं लिहा. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं."

वही ठेवा! हे मला सांगायचे? परतीच्या एस.टी.तच मी मनात रकाने आखले.

नवी वही मात्र घेतली नाही. लोणच्याच्या मापांची वही अर्धी कोरी होती. कागद वाया कशाला घालवायचा? वही उलटी केली आणि मागल्या बाजूने सुरुवात केली. दिनांक. वेळ. स्थळ. अन्न. उपस्थित व्यक्ती. लालीची प्रत: सौम्य, मध्यम किंवा तीव्र. 'उपस्थित व्यक्ती' हा रकाना डॉक्टरांनी सांगितला नव्हता. ती माझी स्वतःची भर.

तीन आठवडे मी अशी नोंद ठेवली की तहसील कचेरीने येऊन शिकावे. ठेचा बंद केला होता, दुपारचे ऊन बंद केले होते. तरी रोज साडेचार वाजता 'तीव्र' हजर! स्थळ, स्वयंपाकघर. अन्न, काही नाही. उपस्थित व्यक्ती, अक्का. दुसऱ्या दिवशी, अक्का. तिसऱ्या दिवशी, अक्का. एकवीस नोंदी आणि एकवीस अक्का!

जे दिसले ते लिहिण्यावाचून मला गत्यंतर नव्हते. पान संपताना रेघ मारली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: 'निष्कर्ष: लालीचे कारण अक्का. उपाय: सहवास टाळावा.' खाली सही केली. सही कशासाठी केली, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवसापासून चार वाजले की दाराला कडी घालायची आणि डोळ्यांवर पदर घेऊन पडायचे. बाहेरून हाका सुरू व्हायच्या.

"सुमन! ओ सुमन! झोपली का मेली वं?"

मी श्वाससुद्धा बेताने घेत असे. आणि काय आश्चर्य! आठ दिवसांत गाल निवले. पुटकुळ्या बसल्या. मलमाचा गुण असेल, ही शंका मनात आली. पण माझा निष्कर्ष त्याहून सुबक होता.

मग लोणच्याचे दिवस आले. एका सकाळी, चुकीच्या वेळी, अक्का फाटकात उभ्या राहिल्या. "सुमन, लोनच्याची वई दे वं. मोहरीचं माप इसरली."

सकाळचे दहा वाजले होते, चेहरा निवलेला होता, आणि मला एकच घाई होती: अक्कांनी आत येऊ नये. मी धावत जाऊन वही आणली आणि फाटकावरूनच त्यांच्या हातात कोंबली. "सावकाश परत करा," असेही म्हणाले. वर!

त्या पाठमोऱ्या झाल्या तेव्हा दिसले की वही त्यांनी उलटी धरली आहे. मी फाटकाबाहेर दोन पावले टाकली. पण हाक मारून काय सांगणार? 'अक्का, मागली बाजू वाचू नका' असे?

दुसऱ्या दिवशी वही फाटकाच्या सळयांत खोचलेली सापडली. अक्का बोट ठेवून वाचतात, हळू वाचतात, पण एक अक्षर सोडत नाहीत. माझ्या सहीखाली त्यांनी पेन्सिलीने नवी नोंद केली होती, थेट माझ्याच रकान्यांत: 'अक्का आली नाही. पुढंबी येनार नाही. लाली नाही. खूशाल राय.'

त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. आयुष्यात प्रथमच मी त्या दुरुस्त केल्या नाहीत.

चार वाजणे सुरू राहिले; अक्कांचे येणे थांबले. कडी घालण्याची गरजच उरली नाही. घर इतके शांत झाले की यांनी बातम्यांचा आवाज आपण होऊन कमी केला आणि विचारले, "अक्काले काय केलं तू?"

काय सांगणार? रकान्यात बसवले म्हणून?

त्यातच श्रावण लागला आणि माझी झोप उडाली. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. त्यांना साडी नेसवण्याचा मान अक्कांचा. तीस वर्षांत त्या निऱ्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. अक्का आल्या नाहीत तर? देवीसमोर मी कोणते तोंड घेऊन उभी राहणार? लाल की गोरे, हा प्रश्नच नव्हता.

श्रावणाच्या अखेरीस अकोल्याला फेरतपासणीला गेले. वही पुढे केली. डॉक्टर पाने उलटत गेल्या आणि एकाएकी थबकल्या.

"काकू, ही अक्का कोण?"

"माझ्या नणंदबाई."

"त्या आल्या की तुम्ही काय करता?"

"आधण ठेवते. आल्याचा चहा करते."

"किती गरम?"

"ओठ पोळेल असा. वाफ दिसल्याशिवाय अक्का त्याला चहा म्हणत नाहीत. आणि पाहुण्याला एकट्याने कसे प्यायला लावायचे? मीही बरोबर घेते."

"सकाळी?"

"सकाळचा चहा गृहिणीच्या वाट्याला गरम येतो का कधी? सगळ्यांचे आटोपेपर्यंत त्यावर साय धरते."

"आणि अक्का येत नाहीत तेव्हा?"

"एकटीसाठी कोण आधण ठेवील? ताक घेते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग हा चारचा चहा वहीत कुठंय?"

"तो कसा असेल? रकाना अन्नाचा आहे. चहा एकादशीलासुद्धा चालतो. उपवासाला चालते त्याची नोंद खाण्यात कशी करणार?"

त्या एवढ्या हसल्या की बाहेरची परिचारिका डोकावून गेली. "काकू, एकादशीला चालतो, तुमच्या गालांना नाही चालत! कोमट करून घ्या. आणि अक्कांना सोडू नका."

एस.टी.तून उतरले ती थेट अक्कांच्या दारात.

"अक्का!"

"अक्का घरी नाई," असे अक्कांनीच आतून सांगितले.

"अक्का, माझे चुकले. दोष तुमचा नव्हता, चहाचा होता."

"आता चहावर ढकलून राहिली का? त्यालेबी वईत लिव!"

दार उघडले नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. पहाटेपासून मी चुलीपुढे. सोळा भाज्या, पुरण, आंबील. आदल्या दिवशी आवाहन झाले होते, पण अक्कांवाचून मुखवटे उघडेच चौरंगावर वाट पाहत होते, साड्या घडीतच होत्या. दर पाच मिनिटांनी मी दाराकडे पाही. अकरा वाजता पायरीवर चप्पल वाजली. मी हातातला झारा घेऊनच धावले.

पायरीवर अक्का! पैठणी नेसलेल्या, मान ताठ. "मी महालक्ष्म्यांसाठी आली. तुयासाठी नाई."

आणि त्यांचे लक्ष माझ्या तोंडाकडे गेले. सहा तास चुलीची आच खाल्लेले तोंड! बीट किसून थापावे तसे. नाकासकट.

अक्का पाहतच राहिल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अवं, मी तं अजून उंबराबी नाई ओलांडला!"

मला हसू आवरेना, आणि रडूही. त्या आत आल्या, झारा माझ्या हातातून काढून घेतला आणि ओला पंचा तोंडावर थापला. "बस पंख्याखाली. पुरन मी पायतो. निऱ्याबी मीच करतो. वई कुठं हाय?"

"वही कशाला, अक्का?"

"आन म्हन्तो न!"

त्यांनी वही उलटी केली. बोट ठेवून सगळी पाने पुन्हा पाहिली. मग मान हलवली.

"सुमन, एवढी मॅट्रिक तू, पन एक बाई इसरली. जवा जवा तोंड लाल झालं, तवा तवा ते हजर होती. येक दिवसबी खाडा नाई. तिचं नाव कुठंच नाई."

मी पंचा बाजूला केला. "कोण?"

"तू!"

पंगत उठल्यावर अक्कांबरोबर बशीत निववलेला चहा घेतला आणि वहीत शेवटची नोंद केली. दिनांक: भाद्रपद शुद्ध अष्टमी. अन्न: पुरणपोळी, सोळा भाज्या, आणि चहा. लाली: तीव्र. उपस्थित व्यक्ती: मी.