शेटच्या डबीतली शिवराई

आमच्या रानात जुनं असं एकच नाणं सापडलं, आणि ते मी एका दुपारी नवं करून ठेवलं.

मी आठवीत शाळा सोडली. पिंपळवंडीहून थेट कोइमतूरला आलो, एका मेसमध्ये भांडी घासायला. ही नोकरी गावच्या बाजारपेठेतल्या कापडवाल्या शेटनी लावून दिली, त्यांच्या मेव्हण्याला फोन करून. गाडीखर्चही त्यांचाच. त्यांचे उपकार कसे फेडावेत या काळजीनं मला अजून नीट जेवण जात नाही (मेसचं जेवण हे दुसरं कारण).

शेटना जुनी नाणी जमवायचा लई नाद. आबांना नांगरताना एक तांब्याची शिवराई सापडली. त्यांनी ती दुकानात नेऊन दाखवली, तर शेट हातातून सोडीनात. अशी अक्षरं शाबूत असलेली ते कैक वर्षं शोधत होते म्हणे. आबा म्हणाले, पोरगा सुट्टीला आला की त्याच्या हातानंच देतो.

मी आलो. नाणं बघितलं आणि मला धसकाच बसला. काळंकुट्ट, वर हिरवट बुरशीसारखं. ज्या माणसानं आपल्याला माणसात आणलं, त्याला हे द्यायचं?

आई म्हणाली, "देव घासतोस तशी घास की. शेटकडं काय अशी पारोशी धाडतो व्हय?"

झालं. चिंच, मीठ, राख. तेवढ्यानं भागेना, मग तारेची घासणी. जगात मला एवढी एकच विद्या येते, ती मी सगळी त्या नाण्यावर ओतली. तासाभरात ते असं लखलखलं की आईनं त्यात कुंकू नीट केलं. अक्षरं थोडी पुसट झाली, पण मला वाटलं, चमकतंय म्हणून दिसत नसतील.

आबांबरोबर दुकानात जाऊन मी ती शेटच्या हातात दिली. त्यांनी भिंग लावलं. नाणं दोन्हीकडून उलटंपालटं करून बघितलं. मी आपला शाबासकीची वाट बघत उभा.

"कुणी घासली?"

"मीच," मी छाती काढून म्हणालो.

"अरे, तो काळा थर म्हणजे तिचं वय होतं. तीनशे वर्षं मातीनं सांभाळलं. आता बाजारात हिला तांब्याच्या वजनावर घेतील." मग माझ्या तोंडाकडं बघून हळू म्हणाले, "बस. चहा घे."

मला त्यांनी रागवायला हवं होतं. आबा दाराशी चप्पल घालून तयार, आता पोराची नोकरी जाते या हिशोबानं. मी विचारलं, "परत काळी करता येईल का, शेट?"

"येईल की. अजून तीनशे वर्षं थांब."

पण त्यांनी ती परत दिली नाही. त्यांच्या डबीत प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी असते, कुठल्या राजाचं ते लिहिलेली. आमच्या शिवराईखाली राजाचं नाव आहे, आणि त्याखाली माझं: 'घासणार – बाळू'.

आठवीत मी इतिहासातच नापास झालो होतो. शेवटी इतिहासात नाव लागलं, पण ते पुसणाऱ्यांच्या यादीत.