घासलेला सांधा

"सांधा दिसू द्या." गिऱ्हाइकानं जोड घासायला कानस मागितली की मिस्त्री एवढंच म्हणायचे आणि कानस स्वतःच्या मांडीखाली सारायचे.

पुसेगावच्या रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं पत्र्याचं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. मोटारसायकल दगडावर आदळून इंजिनाचं चेंबर तडकलं की आसपासचे लोक तिथंच यायचे. लोखंड जोडणारे पुष्कळ. अ‍ॅल्युमिनियमला हात लावणारे ते एकटेच. "लोखंड लाल होऊन सांगतं," ते म्हणायचे, "हे सांगत न्हाई. एकदम पानी होतं." म्हणून चेंबरवर धुण्याच्या साबणाची रेघ ओढायची, आच द्यायची, आणि रेघ काळी पडली की जोडायला घ्यायचं, अशी त्यांची रीत. "घरात साबन टिकू देत न्हाईत," त्यांची बायको कुरकुरायची. "अंघोळीला मातर लागत न्हाई ह्यांला."

जोड उंच, ओबडधोबड राहायचा. घासला की पातळ होतो, मग तिथंच उकलतो, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही एकाच तांड्यावरचे. तांड्यातला पहिला पदवीधर मी. ते मला नावानं हाक मारत नसत. "या बीकॉम, बसा." आणि गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगत, "आमच्या तांड्याचं लेकरू हाय. खुर्चीवरची नोकरी हाय त्याला."

खुर्ची जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठच्या दुकानातली. एका गाडीचं चेंबर मीच मिस्त्रींकडून जोडून आणलं होतं. शेठ म्हणाले, "हे गिऱ्हाइकाला दिसून राहिलं. घास." मी मशीन लावून जोड सपाट केला, वर चंदेरी रंग मारला. गाडी साखरा गावच्या एका माणसानं नेली.

पंधरा दिवसांत जोड उकलला, ऑइल गळालं, इंजिन जाम झालं. शेठनं मिस्त्रींकडं बोट दाखवलं. तो माणूस चार जणांना घेऊन त्यांच्या दुकानात गेला. शेठनं मलाही सोबत धाडलं.

"हे काम हाय व्हय तुमचं?" त्यानं चेंबर पुढ्यात टाकलं. "तांड्यावरच्या माणसाकडं दिलं, तिथंच चुकलं."

मिस्त्रींनी सपाट जागेवरून अंगठा फिरवला. नखानं थोडा रंग खरवडला.

"ह्याला कोनी घासलं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बीकॉम, तुमाला ठावं हाय का?"

"न्हाई, काका."

ते नखातला चंदेरी रंग बघत राहिले. मग त्या माणसाला म्हणाले, "माझंच काम हाय. चुकलं."

त्यांना कळलं होतं. मला वाटलं, माणसं पांगल्यावर शिवी देतील. त्यांनी चहा सांगितला.

पुढं चेंबर घेऊन कोणी येईना. वर्षभर त्यांनी लोखंडाची फाटकं जोडली, मग तीही बंद झाली. नवरा-बायको पुण्याला गेले. तिथं मिस्त्री कुठल्याशा इमारतीवर वॉचमन आहेत म्हणतात. मी अजून शेठकडंच आहे, आता मॅनेजर म्हणून.

हाताखाली काम शिकणाऱ्यांना तांड्यावरचे म्हातारे आजही बजावतात, "नीट कर. मिस्त्रीवानी कच्चं काम करशील तर नाव जाईल."

मी तिथं असलो की ते माझ्याकडं बघतात. शिकलेला माणूस मी. मी मान हलवतो.