शांताबाईचे हात

नोएल, रिबेका,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि त्यांच्याशी माझा बेचाळीस वर्षं संसार झाला. तुम्हाला सांगायचं ठरवलं ते गेल्या महिन्यात. चर्चने माझा सत्कार केला, महिला मंडळाची इतकी वर्षं सेवा केली म्हणून, आणि तुम्ही कॅनडातून पाठवलेले व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवले. रिबेका, तू म्हणालीस की तुझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांत तुझी आजी सर्वांत चांगली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले, हसले, खांद्यावरची शाल सावरली — आणि घरी आल्यावर मला माझीच किळस आली.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही पटकन वाचलं असतं. पण इंग्रजीत मी फार छान लिहिते, बाळांनो. आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं. छान लिहिताना माणूस स्वतःला कसं सोडवून घेतो ते मला ठाऊक आहे. म्हणून मराठीत. तुमचा बाबा वाचून दाखवील, म्हणजे त्यालाही कळेल.

शांताबाई इथे बेळगावातच, वडगावात राहायची. नवरा लवकर गेला, एक मुलगी — सुवार्ता. शांताबाई सूत रंगवायच्या एका कारखान्यात कामाला होती. दर रविवारी मात्र सायकलवर डबल सीट, पुढे आई, मागे मुलगी, उपासनेच्या आधी तासभर येऊन चर्चमधले बाक पुसायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. शांताबाई शाळा फार शिकली नव्हती, पण स्तोत्रं तोंडपाठ. मी तिला तू म्हणायची, ती मला टीचर.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं, ते तुम्ही पाहिलं आहे. त्यासाठीची बिनखमिराची भाकर मंडळातली एक बाई घरी भाजून आणते. अकरा वर्षं ती मी आणत होते. पीठ वजन करून, पाणी मापून, घड्याळ लावून. कधी एक दिवस चुकला नाही. तुम्हाला हसू येईल, पण त्या भाकरीचा मला अभिमान होता. नाही, अभिमान हा बरा शब्द झाला. ती माझी गादी होती.

एका रविवारी मला ताप होता आणि भाकर शांताबाईने केली. पुढच्या महिन्यात मी पुन्हा माझी घेऊन गेले, तेव्हा उपासना सुटल्यावर आमच्या चर्चमधले म्हातारे सायमनअण्णा दारातच सगळ्यांसमोर म्हणाले, "टीचर, तुमची भाकर चावायला दात लागत्यात, आन् देवानं आमचं दात कवाच माघारी नेलं. शांतेची कशी, जिभेवर ठिवली की गेली!" सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. आणि म्हणाले, पुढच्या महिन्यापासून शांताबाईच करू देत, टीचरनाही जरा विश्रांती.

विश्रांती! मी म्हटलं, "हो, बरं होईल." आणि घरी येऊन तराजू माळ्यावर टाकला.

एवढंच होतं. म्हातारा एक गमतीने बोलला आणि पाळकांनी काम वाटून दिलं. यात माझं काय गेलं? मी हा प्रश्न स्वतःला एकोणीस वर्षं विचारते आहे आणि दर वेळी उत्तर तेच येतं — काही नाही.

त्याच पावसाळ्यात शांताबाईच्या बोटांवर पांढरे डाग दिसू लागले. आधी नखांपाशी, मग पेरांवर. ती घाबरली. डॉक्टर इंग्रजी आणि कन्नडमध्ये बोलणार, कारखान्यातलं कामापुरतं कन्नड तिथे पुरायचं नाही, म्हणून ती मला घेऊन गेली. टिळकवाडीत एक चामडीचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे. त्यांनी भिंग लावून पाहिलं, सुई टोचून पाहिली, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. आणि दुसऱ्या खेपेला स्वच्छ सांगितलं: हे सूत धुण्याच्या रसायनामुळे झालं आहे, रोग नव्हे, कुणाला लागत नाही, रबरी हातमोजे घालायचे आणि मलम लावायचं. तसं कागदावर लिहूनही दिलं. इंग्रजीत. मी रिक्षात बसून तिला ओळ न ओळ मराठीत सांगितली. ती रडली, मग हसली. म्हणाली, "टीचर, कागद तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. माझ्या घरात उंदरं लई."

मी तो पर्समध्ये ठेवला.

मंडळाची सभा त्याच आठवड्यात झाली. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही बारा-तेरा जणी. कापणीच्या सणाचं जेवण ठरवायचं होतं. मार्थाआक्कांनी मध्येच विचारलं, "शांते, बोटास्नी काय झालंय गं? तसलं तर काय न्हाय न्हवं?"

तसलं म्हणजे महारोग. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांतून महारोग्यांची सेवा केलेली माणसं पुष्कळ. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, त्याच्या गोष्टी पोराबाळांना सांगितल्या. आणि भीती आमच्यातच सर्वांत जास्त.

शांताबाई हसतच म्हणाली, "न्हाय गं आक्का, केमिकलचं हाय त्ये. टीचर हुत्या की माझ्यासंगं. इचारा त्यास्नी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पर्स माझ्या मांडीवर होती. कागद पर्समध्ये होता. नुसतं चेन ओढून तो बाहेर काढायचा होता.

मी म्हटलं, "डॉक्टरांनी अजून नक्की काही सांगितलेलं नाही."

बस. एक वाक्य. आवाजही चढवला नाही. उलट काळजी वाटावी असा आवाज लावला — तो मला वर्गात फार छान जमायचा. शांताबाईचं तोंड उघडंच राहिलं. बहुतेक तिला वाटलं, आपल्यालाच नीट कळलं नसेल. रिक्षात टीचर काही वेगळं म्हणाल्या असतील. शिकलेल्या बाईचं वाक्य आणि आपले कान — यात तिने आपल्या कानांवर संशय घेतला.

त्या रविवारी भाकर मी केली.

सणाच्या जेवणाला शांताबाईला कणकेच्या परातीवरून उठवलं. कुणी वाईट बोललं नाही. "तू बस गं निवांत, आमी करतो," एवढंच. तिने वाढलेलं पाणी तेवढं कुणी प्यायलं नाही. पेले भरलेले तसेच राहिले, ते मी पाहिले. पुढच्या सभेत नियम करायचं ठरलं आणि सेक्रेटरी म्हणून तो मी लिहून काढला, सुवाच्य अक्षरात.

ती माझ्याकडे आली, कारखान्यातून परस्पर. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "टीचर, त्यो कागद दावा की त्यास्नी एकदा."

मी म्हटलं, "शोधते."

आठवड्याने पुन्हा आली. मी म्हटलं, "सापडत नाही गं. कुठे गेला कोण जाणे."

नोएल, तू माझं कपाट पाहिलं आहेस. लग्नापासूनची लाइटबिलं वर्षवार लावलेली आहेत म्हणून तू थट्टा केली होतीस. माझ्या घरातून कागद हरवत नाही — हे बेळगावात मला ओळखणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. शांताबाईलाही. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि त्या पाहण्यात मला दिसलं की तिला कळलं. का केलं हे कळलं नसेल, पण काय केलं ते कळलं. ती "बरं" म्हणाली आणि सायकल वळवून गेली. डॉक्टरांकडून दुसरा कागद तिने का आणला नाही? पुन्हा कुणातरी शिकलेल्या माणसाला सोबत न्यावं लागलं असतं. आता कुणावर विश्वास ठेवणार होती ती?

इथे थांबले असते तर मी स्वतःला हलकट म्हटलं असतं आणि कदाचित तेवढ्यावर भागलं असतं. पण पुढे निपाणीची माणसं आली.

सुवार्ताचं लग्न तिथल्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. मुलगा चांगला, मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. सुवार्ता त्याच्याशी फोनवर बोलायची, त्याच्यासाठी रुमाल विणत होती, हे सगळ्या चर्चला माहीत. त्याच्या मामांच्या कानावर हातांचं गेलं. ते बायकोला घेऊन माझ्या घरी आले. भला माणूस. चहा घेतला आणि सरळ विषयाला हात घातला.

"टीचर, आमी तमाकूच्या वखारीत जन्म काढल्याली माणसं. आमचं हात बघा, ह्ये असलं. आमाला डागाचं भ्या न्हाय. पर घरात बायका कुजबुजत्यात. तुमी डॉक्टरकडं गेलता म्हणं. तुमी नुसतं 'तसलं काय न्हाय' म्हणा, आमी हळदीच्या तयारीला लागतो."

किती सोपं करून ठेवलं होतं त्यांनी माझ्यासाठी. तीन शब्द हवे होते. माझ्यावर विश्वास ठेवायला ते निपाणीहून एसटीने आले होते.

मी काय विचार केला ते लिहिते. आता 'तसलं काही नाही' म्हटलं, तर मंडळात विचारतील — मग तेव्हा का नाही म्हणालात? पाळकसाहेब विचारतील. सायमनअण्णा विचारतील. एका मुलीचं लग्न एका बाजूला आणि माझं नाव दुसऱ्या बाजूला ठेवलं, आणि मी नाव उचललं.

"मी काही डॉक्टर नाही हो," मी म्हटलं. "एवढी मोठी जबाबदारी मी कशी घेणार?"

मामांनी बशी खाली ठेवली. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "व्हय, त्येबी खरंच," ते म्हणाले. जाताना मला वाकून नमस्कार केला.

लग्न मोडलं. निरोप आला त्या दिवशी मी पर्सच्या आतल्या कप्प्यातून तो कागद काढला आणि फाडला. तोवर मी घरातला कुठलाही कागद फाडला नव्हता.

त्यानंतर शांताबाई आमच्या चर्चमध्ये आणखी दोन वर्षं आली. बाक पुसायची, उपासनेला मागे बसायची, प्रभूभोजनाच्या वेळी उठून बाहेर जायची. तिने माझ्याविषयी एक अक्षर कुणाकडे काढलं नाही. काढलं असतं तर मला तिचा राग धरता आला असता. डाग वर्षभरात जवळजवळ गेले. पण तोवर ती बाई 'तसली' झाली होती, आणि हात पुन्हा कोण बघतं? मग ती यायची बंद झाली. मी हजेरीच्या वहीतून तिचं नाव कमी केलं. चार वर्षांपूर्वी ती वारली. मी अंत्यविधीला गेले. पेटीत हात छातीवर ठेवले होते. बारीक, सुरकुतलेले, एका रंगाचे. माझ्याहून चांगले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्यांना वाट करून दिली.

सुवार्ता आता संकेश्वरात एका दवाखान्यात काम करते. लग्न केलं नाही. बेळगावात आली आणि बाजारात भेटली की स्वतःहून "जय ख्रिस्त, टीचर" म्हणते. तिला आईने सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी तिला सांगितलेलं नाही. हे पत्र मी तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही दूर आहात. हाही भित्रेपणाच, तो मला दिसतो.

मला मत्सर होता, मी लहान मनाची होते, मी घाबरले — हे सगळं खरं आहे आणि यातल्या कशानेही काही कमी होत नाही. तुम्ही मला माफ करावं म्हणून हे लिहिलेलं नाही. माफ करणं तुमच्या हातात नाहीच. तो व्हिडिओ परत घ्या असंही म्हणत नाही.

यंदाच्या कापणीच्या सणाला एक नवी सून स्वयंपाकाला आली होती. मनगटावर कुकरच्या वाफेने पोळल्याचा डाग. बायकांनी तिला हसत हसत दारावरचा कागद दाखवला: हाताला कसलाही डाग वा चट्टा असलेल्या भगिनींनी स्वयंपाकात व प्रभूभोजनाच्या तयारीत भाग घेऊ नये. ती ओशाळली आणि खुर्च्या लावायला गेली. मी तिथेच कोथिंबीर निवडत बसले होते. मी दुसरी जुडी उचलली.

हा नियम कुणासाठी केला होता, ते आता कुणाला आठवत नाही. कागद दोनदा नवा केला, झेरॉक्स काढून. अक्षर माझंच आहे.