हरलेली तिकिटं वजा होत नाहीत

कर सल्लागाराच्या ऑफिसात फायली पक्षकार परत नेतात, गोष्टी मात्र आमच्याकडंच ठेवून जातात. माझ्याकडं तर लॉटरीवाल्यांच्याच साचल्या. कोल्हापुरात कोपऱ्याकोपऱ्यावर ऑनलाइन लॉटरीची दुकानं निघाली होती, त्या वर्षांतल्या. ती कामं कुणाला नको होती, म्हणून सरांनी मला दिली. मी नवी. घरी दीड वर्षाची चिनू सासूबाईंपाशी सोडून यायचे आणि निम्मा जीव तिकडंच ठेवून बेरजा करायचे. हे किती दिवस जमणार, माझं मलाच ठाऊक नव्हतं.

पहिलाच पक्षकार हरलेल्या तिकिटांचं पोतं घेऊन आला. एकदा जिंकला होता, शंभरदा हरला होता.

"ह्ये समदं वजा करा, मॅडम."

म्हटलं, बक्षिसावर पुरा टॅक्स लागतो. हरलेलं वजा होत नाही. त्यानं पोत्याचं तोंड परत सुतळीनं आवळलं.

"म्हंजे जिंकलं की सरकार भाऊबंद, वाटणीला हजर. आन् हरलं की पावणं!"

तो गेल्यावर मी कलम तीनदा वाचलं. न जाणो, त्याचंच खरं असायचं!

दुसऱ्यानं बक्षीस लागल्यावर अख्ख्या तालमीला मटणाचं जेवण घातलं होतं. तो खर्च दानधर्मात धरा म्हणाला. सरांनी पावती मागितली.

"पावती न्हाय. पर चाळीस जण साक्षीला येऊन ढेकर देतील की."

आजऱ्याकडचे एक हेडमास्तर दार लावून घेऊन कुजबुजले, की लॉटरी असं लिहू नका, शाळेत तोंड दाखवायचंय. शिकवणीचं उत्पन्न म्हणून दाखवा.

सर म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला शिकवणीला बंदी आहे. लॉटरीला नाही."

गुरुजींनी चष्मा पुसला. "मग लॉटरीच लिहा. पण जरा बारीक अक्षरात."

राधानगरीचा एक दूधवाला बायकोला घेऊन आला. बक्षीस लाखाचं, घरी आले सत्तर हजार. मधले तीस कुणाला दिले, यावरून आठवडाभर चूल बंद होती! मी तिला टॅक्स कापल्याचं सर्टिफिकेट दाखवलं. तिनं ते उजेडात धरलं, शिक्क्यावर बोट फिरवलं.

"शिक्का हाय म्हंजे खरं असंल," ती नवऱ्याला म्हणाली. "पर पुढच्या टायमाला आदी माझ्याकडं आणून दे. तीस टक्के मीच कापून घेती."

आता माझा पराक्रम. एका रिटर्नला सर्टिफिकेटाऐवजी मी चिनूचं लसीकरणाचं कार्ड टाचून पाठवलं. इन्कम टॅक्स ऑफिसातल्या क्लार्कनं ते परत धाडलं, वर पेन्सिलीनं लिहून : "करदात्याचा बूस्टर डोस राहिला आहे."

त्या रात्री मी ठरवलं, आपल्याला ना धड रिटर्न जमत, ना धड आईपण. पोर माझ्यावाचून दिवसभर कोमेजत असेल. नोकरी सोडायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी झेरॉक्स काढून आले, मन घट्ट केलं आणि सरांना सांगायला केबिनच्या दाराशी गेले. आत पाठमोऱ्या बसल्या होत्या आमच्या सासूबाई. मांडीवर चिनू, खुशीत पाय हलवत.

"बारा हजार लागल्यात, साहेब. नंबर हिनंच काढलाय. तवा हिच्याच नावावर दावा. सुनंला कळाय नको."

सर माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करत म्हणाले, "लहान मुलाची मिळकत आईबापात ज्याची कमाई जास्त, त्याच्या रिटर्नमध्ये धरतात. तुमच्या मुलाचं दुकान यंदा तोट्यात आहे. म्हणजे सुनेच्याच."

सर हळूच पुढं म्हणाले, "हां, लहान मुलानं स्वतःच्या बुद्धीनं, कौशल्यानं मिळवलं असेल तर गोष्ट वेगळी."

"बुद्धीच हाय की! रोज चार वाजता आमी दोगी लॉटरीच्या दुकानात जातो. मी सांगितल्यालं तिन्ही नंबर वाया गेलं. हिनं तक्त्यावर बोट ठिवलं, त्योच लागला."

तेवढ्यात चिनूला मी दिसले. तिनं हसून माझ्याकडं बोट केलं.

सासूबाई मागं न बघताच म्हणाल्या, "बघा, परत दावाय लागली. कुटला नंबर हाय तिकडं?"