पदराखालचं कासव

फोन दाजींचाच होता. “सुमन, तुझी बहीण गेली,” एवढंच म्हणाले. सारा जन्म जिने त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढली, ती शेवटच्या दिवशी माझी बहीण झाली... त्यांची कुणी नाही. मी रिक्षात बसले तेव्हा रडत नव्हते. मला राग आला होता, आणि ताईला जाऊन आता महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही. शकुताईवर चार शब्द लिहून द्या असं पुरवणीसाठी विचारलं गेलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दाजी रविवारची पुरवणी चष्मा पुसून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. ताईबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. मागे राहिलेल्यांबद्दल मला कुणी काही सांगितलेलं नाही.

आमचं गाव पैठण रोडपासून थोडं आत. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीच्या तळाला एका कोपऱ्यात काय ते पाणी उरलं होतं. ते वाटीने भरून घ्यावं लागायचं. मोठा माणूस उतरला की तळ ढवळून नुसता गाळ व्हायचा, म्हणून हलकं पोर लागायचं. मी अगदीच लहान होते, ताई नेमकी त्या मापाची होती. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिला पाटीत बसवून दोराने खाली सोडायचे. खालून आभाळ तव्याएवढं दिसायचं, असं ती सांगायची, बाकी सगळा काळोख. वाटी वाटी करून ती कळशी भरायची आणि मधूनच ओरडायची, “अण्णा, हाय का वर?” “हाय गं, हाय,” अण्णा म्हणायचे. त्या विहिरीत एक कासव होतं. पाणी आटलं तसं तेही त्या कोपऱ्यात येऊन बसलं होतं. ताई त्याच्याशी गप्पा मारायची. वर आली की गाळाच्या हातांनी परकर झटकत सांगायची, “आज लई रुसलंय, बोललंच नाय माझ्याशी.” आम्ही हसायचो. तिने काढलेलं पाणी आम्ही सगळे प्यायलो, आणि अंधाराची भीती तेवढी तिच्या एकटीच्या वाट्याला राहिली. पुढे तिला मिट्ट काळोखात कधीच झोप आली नाही. माहेरी आई तिच्यासाठी कंदील बारीक करून कोपऱ्यात ठेवायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

सासरी वाटलं. दाजी हेडमास्तर. शाळेतली शिस्त ते संध्याकाळी सायकलवरून घरी घेऊन यायचे. जेवणाची वेळ ठरलेली, रेडिओची वेळ ठरलेली, आणि झोपताना खोलीत काजव्याएवढासुद्धा उजेड चालणार नाही. “डोळे मिटल्यावर उजेड काय आन् अंधार काय, सगळं सारखंच,” हे त्यांचं लाडकं वाक्य. पाहुण्यांसमोर म्हणायचे, “आमच्या बाईसाहेबांना अजून कंदील लागतो बरं का.” पाहुणे हसायचे, ताईही हसायची. तिच्या त्या हसण्याचा मला दाजींइतकाच राग यायचा. विहिरीचं त्यांना सांग ना, असं मी तिला कितीदा म्हटलं. “सांगितलंय की,” ती म्हणाली, “पण जाऊ दे. त्यांची झोप लई सावध हाय.” इतक्या सावध झोपेचा माणूस भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा घोरतो कसा, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

पुढे दोघं शहरात, गारखेड्यात घर बांधून राहिले. मुलगा प्रशांत शिकून पुण्याला गेला. घर बांधलं तेव्हा मागच्या बाजूला ज्वारीचं शिवार होतं. बघता बघता तिथे इमारती उठल्या, आणि जसे मजले चढत गेले तशी नळाची धार बारीक होत गेली. मग ती लागोपाठची कोरडी वर्षं आली. नळाला पाणी आठवड्याने यायचं, तेही कधी येईल याचा नेम नाही. बहुतेक सगळी गाढ झोपेत असतानाच नळ फुसफुसायचा. फुसफुसला की उठा, मोटर लावा, पाइप लावा, टाकी आणि पिंप भरा. उठणार कोण, हे सांगायची गरज नाही. जिने लहानपणी विहिरीत उतरून पाणी काढलं, ती साठीला आल्यावरही अंधारात पाण्यामागेच होती. दिवा लावला तर दाजींची झोप मोडते, म्हणून भिंत चाचपत जायची. एकदा तिच्या नडगीवरचं काळंनिळं बघितलं आणि मी तिला सरळ रिक्षात घालून गुलमंडीच्या बाजारात नेलं. म्हटलं, छोटासा नाइट लॅम्प घेऊ. प्लगमध्ये खोचायचा, मंद, डोळ्यांना न टोचणारा... त्याचा नवऱ्याला काही त्रास व्हायचा नाही.

त्या दुपारइतकी खूश ताई मी फार कमी वेळा पाहिली. दुकानदाराने काउंटरवर बोर्ड ठेवून त्यात एकेक दिवा खोचून दाखवायला सुरुवात केली. पण दुकानात लख्ख उजेड, भरदुपार, त्यात मंद दिव्याचं काय कळणार? ताईने शांतपणे काउंटरवर वाकून डोक्यावरून पदर ओढला, दिवा त्या पदराखाली घेतला आणि आत अंधार करून बघू लागली. गिऱ्हाइकं थांबून पाहायला लागली. ही आतूनच निकाल देत होती. निळा दिवा, “नको. ट्रॅव्हल्सच्या गाडीत असतोय तसला हाय. रातभर वाटंल पुण्याला चाललेय.” हिरवा, “ह्यात जितं माणूस मेल्यावानी दिसतंय.” पांढरा चंद्र, “गोड हाय, पण डोळ्यात घुसतोय.” सशाला तर तिने पदराखालीही घेतलं नाही, “कान टवकारून बसलाय. सोता झोपंना, मला काय झोपवील?” दुकानदाराने मग ठेवणीतला काढला. “ताई, ये उल्लू लेव. कलर बदलता, गाना भी बजता.” ताईने पदर वर केला. “घुबड? निजायच्या खोलीत? सकाळी उठून त्याचं तोंड बघू व्हय?” दुकानदारसुद्धा हसला. शेवटी त्याने मागच्या फडताळातून एक धुळकट खोका काढला. आत मुठीएवढं कासव होतं. मान बाहेर काढलेली, एक डोळा जरा तिरका छापलेला, पाठ मधाच्या रंगाची. “इसमें कुछ नक्को, गाना नहीं बजता इसमें,” तो आधीच सांगून मोकळा झाला. ताई पदराखाली गेली आणि बराच वेळ आतून आवाजच आला नाही. मी घाबरून माझंही डोकं आत खुपसलं. तिचा चेहरा त्या पिवळसर उजेडात लहान मुलीसारखा दिसत होता. “सुमे,” ती कुजबुजली, “वळखलंस का ह्याला?”

ते कासव तिच्या उशाशी काही आठवडे तेवत राहिलं, त्याचा उजेड दारातून पार बोळकांडीपर्यंत जायचा. मग दाजींनी तोड काढली. तिला झोप लागली की ते हात लांबवून प्लग उपसायचे. सकाळी ताई पुन्हा खोचायची, रात्री ते पुन्हा काढायचे. भांडण नाही, शब्द नाही. आणि अशाच एका वेळी नळ फुसफुसला, ताई उठली, आणि बोळकांडीत आदल्या खेपेचा पाइप आडवा पडलेला तिला दिसला नाही. खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिने माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, “कासव बंद होतं गं.” दाजी बाहेर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, पाय घसरला. पाय घसरला नाही, दाजी. मी तेव्हा बोलले नाही, आता छापून सांगते. पाइप दिसला नाही.

ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा नीट उभी राहिली नाही. महिनोन् महिने त्या खोलीत पडून होती. आमची शेवटची भेट झाली तेव्हा तिने उशीखालून ते कासव काढलं. प्लगपर्यंत तिचा हात पोचत नव्हता, आणि ज्यांचा पोचत होता ते लावत नव्हते. ती ते मुठीत धरून झोपायची. “मी गेले की हे तू ने,” ती म्हणाली. “हितं ठिवू नको. हितं ह्याला अंधारात पडून राहावं लागतंय.”

ती गेली तिथे, तिच्या पलंगाशेजारी, रिवाजाप्रमाणे आम्ही जमिनीवर पीठ पसरून दिवा लावला. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो, घरातलं माणूस जवळ असावं लागतं. दाजी म्हणाले, “दिवा हॉलमध्ये ठेवला तर नाही का चालणार?” मी म्हटलं, “जिथं जीव गेला तिथंच ठेवत्यात, दाजी.” मग म्हणाले, “प्रशांत झोपेल तिथं.” मी म्हटलं, “त्याला दिवसभर क्रियेचं हाय, थकतोय त्यो. तुमीच झोपा. नवराच जवळ पायजे.” चार बायका बसलेल्या होत्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. दिव्याला टोपलीचा आडोसा करायची पद्धत आहे, मी केला नाही. वात चांगली जाड वळली, तेल काठोकाठ भरलं आणि ज्योत त्यांच्या उशीच्या बाजूला केली. रोज सकाळी समाचाराला आलेल्या लोकांच्या देखत मी त्यांना चहा द्यायचे आणि विचारायचे, “झोप लागली का, दाजी?” डोळे लाल झालेले असायचे. “लागतेय कुठली,” म्हणायचे. लोकांना वाटायचं, बायकोच्या दुःखानं. “तिला कशाचीही कमी पडू दिली नाही मी,” असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे, आणि मी आत जाऊन दिव्यात आणखी तेल घालायचे. बरं वाटायचं मला. खोटं कशाला सांगू? ताई असती तर तिने दिव्याला आडोसा केला असता, म्हणूनच मी केला नाही.

दहावा झाला, दिवा उचलला. मी ताईच्या उशीखालचं कासव पर्समध्ये टाकलं आणि घरी आले. प्रशांत पुण्याला परत गेला. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दाजींचा फोन आला. आवाज असा बारीक मी कधी ऐकला नव्हता. आधी पाऊसपाण्याचं बोलले, मग नळाला पाणी आल्याचं बोलले. आता मीच उठतो म्हणाले.

“सुमन, ती खोली लई काळी वाटायला लागली गं. दिवा उचलल्यापासून डोळा लागत नाही. तिचं ते कासव होतं... सगळं घर शोधलं. तुझ्याकडं आहे का?”

“हाय,” मी म्हटलं.

“मग दे ना पाठवून. नाहीतर मी येऊन घेऊन जातो.”

मी मनात तयारी केली नव्हती. पण इतकी वर्षं ते वाक्य माझ्या जिभेवरच बसलेलं असावं. “डोळे मिटल्यावर उजेड काय आन् अंधार काय, दाजी,” मी म्हटलं, “सगळं सारखंच.” आणि फोन ठेवला.

दाजी, इथपर्यंत वाचलं असेल तर सांगते. गुलमंडीवर ते दुकान अजून आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याच्याकडे घुबड शिल्लक आहे. कासव मिळणार नाही. ते माझ्या उशाशी असतं, तिरक्या डोळ्याचं, मधाच्या रंगाचं. रोज झोपताना मी त्याचा प्लग खोचते, आणि तो सकाळपर्यंत कुणी काढत नाही.